मोदकातली कोलंबी

कोपर, डोंबिवली पश्चिम
सोमवार, नोव्हेंबर १९९४

करंजा मुक्कामी आवडाआक्काच्या दुखऱ्या पायांवर (हळूच) डोकं टेकवून धाकटा गोमा लिहितो, की हे पत्र हाती पडेल तेव्हा तुझे गुडघे बरे असावेत. गुडघ्यांची चौकशी मुद्दाम पहिल्याच ओळीत केली आहे. मागच्या पत्रात मी आधी माझंच रडगाणं लिहिलं आणि गुडघे राहून गेले, तेव्हा तू कार्डावर फक्त "पाय अजून आहेत" एवढंच लिहून पाठवलंस. (ते कार्ड उत्तमच्या हाती लागलं आणि तो घाबरून मला विचारायला लागला, आत्याला झालं काय?) इकडचं म्हणशील तर सगळे जिवंत आहेत. उत्तम कामावर जातो, सूनबाई कुंदा कामावर जाते आणि मी गॅलरीत बसून नळाला पाणी येण्याची वाट बघतो. माझं लहानपण खाडीत गेलं, नोकरी नगरपालिकेच्या पाणी खात्यात झाली, आणि आता म्हातारपणी रिकाम्या नळाला कान लावून बसतो. सोबतीला कावळे आहेत. इथले कावळे इतके सोकावलेत की परवा कुंदानं कठड्यावर ठेवलेली साबणाची वडी एकानं उचलून नेली. समोरच्या टाकीवर बसून त्यानं ती सावकाश खाल्ली, आणि खाताना सबंध वेळ तो माझ्याकडे बघत होता.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या हातून (हातून म्हणजे तोंडातून) एक गोष्ट घडली आहे आणि तिचा निकाल तुलाच द्यायचा आहे, कारण सगुणाच्या दहाव्याच्या दिवशी "दिलेला शब्द पाळ" असं मला उंबऱ्यातच बजावणारी तूच होतीस. आक्का, मी मासळी खाल्ली. थांब, पत्र फाडू नकोस, पुढे वाच. मी ती मोदकातून खाल्ली.

सगुणा जाऊन वर्ष उलटून गेलं. दहाव्याला तू घरी बायकांत होतीस, त्यामुळे खाडीकाठी काय काय झालं ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा लावावा लागला आणि मी मासळी सोडली, एवढंच तुला कळलं. पिंड ठेवला तेव्हा तिवरांवर कावळे नव्हते असं नाही. पुष्कळ होते, सभा भरल्यासारखे बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढे होऊन तिला शब्द द्यायला सुरुवात केली. उत्तम म्हणाला, बाबांना नीट सांभाळीन. कावळे हलले नाहीत. (मलाही तितकासा भरवसा वाटला नाही.) कुणीतरी म्हणालं, तुझ्या तुळशीला रोज पाणी घालू. पाण्याचं नाव निघताच दोन कावळे उडूनच गेले, ते नक्की कोपरचे असणार. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सगुणा, तुझ्या भावाशी मी बोलत नाही ते तुला लागून राहिलं असेल, तर आजपासून बोलतो. सीताराम तिथंच उभा होता. त्यानं माझ्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की भटजीही दचकले. कावळा आला नाही, मेव्हणा आला. तेव्हापासून तो दर रविवारी येतो आणि जेवूनच जातो.

ऊन चढायला लागलं. माणसं चुळबुळायला लागली, कुणाला कामावर जायचं होतं, कुणाच्या चपलेत चिखल गेला होता. मला काही म्हणजे काही सुचेना. इतकी वर्षं जिच्याबरोबर काढली तिचं काय राहिलंय हे नवऱ्याला सांगता येऊ नये, आणि तेही चारचौघांत, ह्याची फार लाज वाटली. शेवटी मी हात जोडून म्हटलं, तुझं मन शांत होईस्तोवर मी मासळीला शिवणार नाही. कोळ्यानं ह्याहून मोठं आणखी काय द्यायचं? एका म्हाताऱ्या कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, चोच फांदीला पुसली, आणि तो पलीकडच्या काठाला निघून गेला. आम्ही दर्भाचा कावळा लावला आणि घरी आलो. बाकी सगळ्यांचे शब्द तिथंच वाळून गेले असतील, माझा मात्र माझ्या ताटात येऊन बसला.

तेव्हापासून मी दुधी खातो. पडवळ खातो. कोळ्याच्या घरात घेवडा निवडला जातो आणि तो मी निवडतो. कुंदा गुणाची पोर आहे, मला वास लागू नये म्हणून ती बांगडे शेजारणीकडे तळते आणि दोघं नवरा-बायको तिकडेच जाऊन खाऊन येतात, चोरासारखे, तोंड धुऊन. मला वास येतोच. शेजारीण भिंतीपलीकडे काय तळतेय ते मी भिंतीला टेकून सांगू शकतो. पण खरा त्रास वासाचा नाही. तिचं काय राहिलं होतं, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. बाईनं कधी काही मागितलं नाही. ठाण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची, दुसऱ्यांना कोलंबी सोलून सोलून द्यायची, आणि घरी आल्यावर आमच्यासाठी पुन्हा तीच सोलायची. बोटांना कायम काटे टोचलेले. जेवताना शेवटी बसायची आणि कालवणातला रस्सा तेवढा उरलेला असायचा. ह्यातलं नेमकं काय राहिलं म्हणायचं? मला तर सगळंच राहिल्यासारखं वाटतं.

असो. काल रविवारी उत्तमनं ठरवलं की बाबांना बाहेर काढायचं. (कपाटामागे पडलेली वस्तू काढावी तसं ही दोघं मला अधूनमधून बाहेर काढतात.) ठाण्याला "हाँगकाँग दरबार" नावाचं चिनी हॉटेल आहे, तिथं म्हणे डिमसम नावाचा प्रकार मिळतो आणि तो शाकाहारीही मिळतो. मी नको म्हणणार होतो, पण निघायचं ते सीताराम यायच्या आत, असं कळल्यावर लगेच चपला घातल्या.

दारात दोन्ही बाजूंना लाल खांब आणि त्यांना विळखा घातलेले साप, पण पाय असलेले. आत शिरलो आणि काही दिसेना. बाहेर भर दुपार, आत तिन्हीसांजा, आणि दिवे लावायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. मी एका खुर्चीवर बसलो, तर ती कुणाची तरी मांडी निघाली. माणूस सज्जन होता, काही बोलला नाही. डिमसम ह्या शब्दाचा उलगडा मला तिथंच झाला. डिम लाइटमध्ये खायचं म्हणून डिमसम. कुंदाला तसं म्हटलं तर ती तोंडाला रुमाल लावून हसली. मला राग आला नाही, आमच्या घरात हल्ली कुणी हसतच नाही.

वाढायला आलेला माणूस चांगला पन्नाशीचा, आडवा, अंगात लाल रेशमी जाकीट, पाठीवर सोनेरी साप (पायवाला), आणि मिशा दोन्हीकडून खाली ओघळलेल्या. मला वाटलं खुद्द चीनहून आणलाय. परक्या मुलुखातून पोटासाठी इथवर आलेला माणूस, त्याच्याशी चार शब्द बोलावेत म्हणून मी मोठ्यानं "थँक्यू" म्हणालो. (माझं इंग्रजी तिथंच सुरू होतं आणि तिथंच संपतं.) त्यानं मान लववली आणि बिनदुधाचा चहा आणून ठेवला. त्यात फुलं टाकलेली होती. देवाच्या निर्माल्यासारखा वास येत होता आणि चवही तशीच असावी, पण परदेशी माणसाचं मन मोडू नये म्हणून मी दोन पेले प्यायलो.

मग भात आला. वाटीत दाबून ताटलीत उपडा केलेला, पांढराशुभ्र गोळा, चिकट. चिनी लोक दोन काड्यांनी जेवतात. उत्तमला ते काही जमेना, त्यानं वैतागून दोन्ही काड्या त्या भाताच्या गोळ्यात उभ्या खोचल्या आणि चमचा मागवला. आक्का, तूच डोळ्यांपुढे आण. पांढरा भात, त्यात काड्या उभ्या, आणि आम्ही तिघं भोवती गप्प बसलेलो. मी नकळत वर छताकडे पाहिलं. तिथं एक मोठा कागदी साप टांगलेला होता. तोही खाली आला नाही. मी उत्तमला म्हटलं, काड्या काढ त्या. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं काढल्या.

त्यानंतर टोपल्या आल्या. वेताच्या, गोल, वर झाकण, आणि झाकण उघडलं की वाफ. कुंदानं मला बजावून सांगितलं होतं की तुमची शाकाहारी टोपली वेगळी मागवलीय, तेवढीच खा. माझ्या टोपलीत करंज्या होत्या, आत कोबी. मी एक खाल्ली. तुझ्या गावाचं नाव करंजा, त्या नावाला शोभेल असं तिच्यात काहीही नव्हतं. मग माझी नजर उत्तमच्या टोपलीकडे गेली. आत मोदक होते! उकडीचे, पातळ पारीचे, कळ्या अशा एकसारख्या पाडलेल्या की आपल्या आईनंही नावं ठेवली नसती. आता तूच सांग, मी काय समजायचं? कोबीच्या करंजीत एक वेळ काहीही लपवता येईल, पण मोदक म्हणजे गणपतीचा नैवेद्य. त्या आकारात खोबरं आणि गूळ सोडून आणखी काही भरण्याची हिंमत चीनमध्येसुद्धा कुणी करणार नाही, असं मी धरून चाललो. शाकाहारी माणसाला जगात सगळ्यात निर्धास्त वस्तू कोणती, तर मोदक. मी हात लांब केला, एक उचलला, आणि मनातल्या मनात मोरयाचं नाव घेऊन अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला.

माझ्या आधी जिभेला कळलं. दात लागला आणि आत कोलंबी! ताजी, गोड, खाडीतली, नुसत्या मिठात. वर्षभर दुधी खाऊन बधिर झालेली जीभ एकदम जागी झाली आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. कुंदाला वाटलं मिरची लागली, ती पाणी पुढे करायला लागली. थुंकायचं तर कुठे थुंकणार, समोर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं. गिळायचं तर शब्द मोडतो. मी गाल फुगवून तसाच बसून राहिलो. तेवढ्यात तो लाल जाकीटवाला लगबगीनं आला, वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "काका, मोदक नाय त्ये. कोलबी हाय त्यान. तुमी शाकारी हाव का?"

मी दचकून गिळलं. चिनी माणूस आगरी बोलतो हे बघून कुणीही गिळलं असतं. राघो त्याचं नाव, दिवा गावचा. जाकीट हॉटेलचं, मिशा घरच्या. बाकीचे मोदक मी लगेच बाजूला सारले. त्यानं विचारलं, तुम्ही कुठले, मी म्हटलं कोपर, मूळचे ठाण्याच्या कोळीवाड्यातले. तर म्हणतो, "मंग सगुणामावशीला वलखत आसाल. आमचे मागच्या दाराला कोलबी तीच द्यायची. सोलून, साफ करून. तिच्यासारी कोलबी आता येतच नाय." कुंदानंच हळू आवाजात सांगितलं की हे तिचेच मालक, आणि मावशी आता नाही.

राघोनं हातातल्या रिकाम्या टोपल्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "मावशी म्हनायची, राघो, कोलबी माझी, पन ती तुमची मोदकं मी कंदी बसून खाल्ली नाय. एक दिस मालकाला घेऊन पुरच्या दारानं येईन, खुर्चीवर बसीन, आनि तू मना वाढ."

आक्का, तिनं मलाही विचारलं होतं. नेमकं कधी ते आठवत नाही, पाटी उतरवून पाय धूत असताना असेल. म्हणाली, ठाण्याला मी माल देते त्या हॉटेलात वाफेवरचं काहीतरी करतात, एकदा जाऊ या का? मी पेपर वाचत होतो. म्हटलं, वाफेवरचं खायला आपण काय आजारी आहोत? आणि कोळणीनं हॉटेलात जाऊन कोलंबी खायची? लोक हसतील. ती हसली आणि चूल पेटवायला गेली. मला वाटलं विषय संपला. मला वाटायचं तिचे सगळेच विषय असे हसून संपतात.

तर आता प्रश्न तुझ्यापुढे आहे. माझा शब्द मोडला की नाही? एका बाजूनं बघितलं तर मासळी पोटात गेली, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर मी खाल्ला तो मोदक, मोरयाचं नाव घेऊन, आणि आतला माल काय आहे ते मोदकानं मला सांगितलं नव्हतं. शिवाय अंधार होता. शिवाय समोरचा माणूस चिनी असल्याची माझी खात्री होती. हे सगळं ध्यानात घेऊन निकाल दे. शब्द मोडला असं तुझं म्हणणं पडलं तर मी जन्मभर दुधी खाईन, आता असा किती जन्म उरलाय! पण एक गोष्ट लपवत नाही. घास तोंडात गेला तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि ज्यानं मला बरं वाटलं ते तिला कधी मिळालं नाही, ह्याचं कालपासून इतकं वाईट वाटतंय की आज मी नळाची चाहूलसुद्धा घेतली नाही. (पाणी येऊन गेलं म्हणे.)

गुडघ्यांना तिळाचं तेल लाव, उन्हात बस, आणि लवकर लिही. उत्तम आणि कुंदाचा नमस्कार.

तुझा, ज्याला लहानपणी तू होडीत बांधून ठेवायचीस तो,
गोमा

ता. क. वर "बाकीचे मोदक मी लगेच बाजूला सारले" असं लिहिलं आहे. निकाल द्यायचा तर तुला पुरतं माहीत हवं म्हणून सांगतो, ते मी माझ्या बाजूला सारले. टोपलीत चार होते. आणखी दोन खाल्ले, ते राघोचं बोलणं ऐकल्यावर, जाणूनबुजून आणि रडत.

दुसरा ता. क. चौथा मी रुमालात बांधून घरी आणला. हे पत्र लिहून झाल्यावर आत्ताच गॅलरीच्या कठड्यावर केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला. ह्या वेळी कसला शब्द दिला नाही, हातही जोडले नाहीत. एवढंच म्हटलं, सगुणा, पुढच्या दारानं गेलो होतो. बसून खा. माझा हात मागे यायच्या आत कावळा आला. आक्का, शपथेवर सांगतो, हात मागे यायच्या आत! अख्खा मोदक उचलून समोरच्या टाकीवर गेला, नीट बसला, आणि सावकाश खाल्ला. कुंदा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मी भिंतीला धरून उभा होतो. तिनं विचारलं, काय झालं बाबा? मी म्हटलं, काही नाही, आज बांगडे आपल्याच घरी तळ.

तिसरा ता. क. खरं म्हणजे पत्र ह्यासाठीच लिहायला घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात आपला नाथा करंज्याहून इकडे यायचा आहे. त्याच्या हाती शेरभर सोडे पाठव, तू स्वतः सोलून वाळवलेल्या कोलंबीचे, आणि पिशवीत जागा उरली तर सुके बोंबीलही. निकाल माझ्या विरुद्ध गेला तर थोडे कमी पाठव.

शेवटचा ता. क. ज्या कावळ्यानं मोदक नेला तो साबण खाणाराच होता. मी त्याला ओळखतो. इथले कावळे काहीही खातात, हेही मला ठाऊक आहे. ते तेवढं तू मला उत्तरात लिहू नकोस.